दुसऱ्या कडव्यानंतरची शिट्टी

ऐंशीच्या दशकात जशी गाणी झाली तशी त्याआधी झाली नाहीत आणि त्यानंतर होणार नाहीत, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. एवढं साधं सत्य भलत्या माणसासमोर बोललं की मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ येते, हे मात्र गेल्या वर्षी कळलं.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. पूर्वज घोड्यावरून आले असं सांगतात. (घोड्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.) शिवाजीनगरात माझं मिक्सर, पंखे आणि जुने रेडिओ दुरुस्त करायचं दुकान आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा आमचा कारभार. लहानपणी मराठी गाणं आमच्याकडे एकाच वाटेने यायचं, ती म्हणजे कोल्हापूरचा मामा. दिवाळीला तो बसमधून उतरायचा तो एका हातात भडंगाची पिशवी आणि दुसऱ्या हातात कॅसेट घेऊन. "एकदम ताजं आहे," असं तो म्हणायचा, आणि आम्ही ते भडंग आणि गाणी या दोन्हींना लागू धरायचो.

तर माझी मुलगी मेघना. बेळ्ळंदूरला एका कंपनीत आहे. तिथेच तिला पुण्याचा निखिल भेटला. मुलगा लाखात एक. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्याने वडिलांना इकडे आणून ठेवलेलं. वडील म्हणजे जोगळेकर. ते एकदा घरी येऊन हो म्हणाले की काम झालं, एवढंच बाकी होतं.

आदल्या दिवशी मेघनाने मला समोर बसवलं. निखिलच्या बाबांना सत्तरच्या दशकातल्या मराठी गाण्यांचं वेड आहे, त्यांच्यापुढे दुसऱ्या दशकाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही, असं तिने समजावलं. हवा, ट्रॅफिक आणि डोसा या तीन विषयांपलीकडे जायचं नाही अशी तिने मला ताकीद दिली.

"अप्पा, मला हा मुलगा खरंच आवडलाय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प बसा. स्वल्प वेळ."

मी शपथ घेतली आणि ती मनापासून घेतली होती!

जोगळेकर आले. उंच, काटकुळे, इस्त्रीचा झब्बा. माझी मोठी बहीण, म्हणजे आमची अक्का, सकाळपासून स्वयंपाकघरात चिरोटी तळत होती. मी हवेवर बोललो. ट्रॅफिकवर बोललो. डोशावर तर इतका बोललो की सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, दोनदा वळून पाहिलं. सगळं उत्तम चाललं होतं. मग चिरोटीचा तुकडा मोडता मोडता जोगळेकर म्हणाले, की सत्तरचं दशक संपलं आणि मराठी गाणं संपलं, पुढचा सगळा नुसता गोंगाट.

मी मेघनाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी नको म्हटलं. मी कॉफीचा घोट घेतला, तो गिळला आणि म्हणालो, "असं कसं हो सर? ऐंशीचं दशक विसरलात काय?"

त्यापुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही, कारण बराचसा वेळ मीच बोलत होतो. जोगळेकर चाल, शब्द, सूर यांवर बोलले. मी उत्साह आणि ताल यांवर बोललो. शेवटी त्यांनीच तोडगा काढला तो भेंड्यांचा. प्रत्येकाने आपापल्या दशकातलीच गाणी म्हणायची, ज्याची आधी संपतील तो हरला. पंच म्हणून वरच्या मजल्यावरच्या रामण्णांना बोलावलं. रामण्णांना मराठीचा गंध नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच नव्हता.

मी पहिल्याच फटक्यात चप्पल हरवलेल्या नवरदेवाचं गाणं काढलं. जोगळेकरांनी मला मध्येच थांबवलं. हे गाणं सत्तरमधलं आहे, ते म्हणाले. मी म्हटलं, शक्यच नाही, हे आमच्याकडे आलं तेव्हा मी सहावीत होतो. मग त्यांनी टपालवाल्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं म्हटलं. आता मी उठून उभा राहिलो, कारण ते तर सरळसरळ माझं होतं! मी आठवीत असताना मामाने आणलेलं! हा माणूस माझ्याच घरात बसून, माझीच चिरोटी खाऊन, माझ्याच दशकातली गाणी चोरत होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचंही माझ्याबद्दल हेच मत झालंय.

रामण्णा बराच वेळ आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "एरडू ओंदे हाडु अल्वा?" दोघांची गाणी एकच आहेत ना, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघांनीही त्यांना गप्प केलं. पंचाने मधे बोलू नये.

तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. टपालवाल्याचं गाणं ऐंशीच्या दशकातलंच आहे याचा पुरावा गाण्यातच आहे, मी म्हणालो. दुसऱ्या कडव्यानंतर जी लांबलचक शिट्टी येते, असले वाद्यांचे प्रयोग सत्तरमध्ये होत नव्हते. त्यासाठी आमचं दशक उजाडावं लागलं. आणि मी ती शिट्टी वाजवून दाखवली, दोन बोटं तोंडात घालून, पूर्ण लांबीची.

जोगळेकरांचा चेहरा उतरला. त्या गाण्यात शिट्टी नाही, ते म्हणाले. मी म्हणालो, आहे. ते उठले.

"मोहनराव, हे गाणं माझी बायको रोज म्हणायची," ते शांतपणे म्हणाले. "त्यात काय आहे आणि काय नाही, ते मला शिकवू नका. निखिल, चल."

आणि चप्पल घालायला ते दाराकडे गेले. निखिल जागचा हलला नाही, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मेघना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, ती जमिनीकडे बघत होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. अशा वेळी शहाणा माणूस हात जोडतो, माफी मागतो. मी कपाटाकडे धावलो आणि कॅसेट काढली!

(माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की मला खरंच वाटलं होतं, शिट्टी ऐकली की ते थांबतील.)

टेपरेकॉर्डर मीच दुरुस्त करून ठेवलेला, त्यामुळे तो लगेच सुरू झाला. टपालवाल्याची वाट बघणारी बाई गाऊ लागली. जोगळेकर एक चप्पल पायात आणि एक हातात, असे दारात थबकले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि शिट्टी वाजली, खणखणीत, अगदी मी वाजवली होती तशीच. मी विजयी मुद्रेने मान वर केली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का धावत आली. हातात झारा. "गॅस तर बंद केला होता मी," ती म्हणाली, मग टेपरेकॉर्डर बघून थांबली. "अरे, ही होय? हा मामाचा कुकर."

मग अक्काने सगळं सांगितलं, तेही मी मुद्दाम विचारल्यासारखं. मामाकडे नवीन कॅसेट विकत घ्यायला पैसे कुठले? दुपारी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, मामा स्वयंपाकघरात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायचा आणि मामी शेजारी वरणभात लावायची. दर कॅसेटमध्ये कुठे ना कुठे कुकर आहेच.

"जुन्या गाण्यांचा?" मी विचारलं.

"मग काय? आपल्याकडं नवीन कधी काय आलं होतं रे?" अक्का म्हणाली.

म्हणजे ज्या दशकासाठी मी आयुष्यभर भांडलो, ज्यापायी मुलीचं लग्न मोडत आणलं, ते दशक जोगळेकरांचंच होतं. आमच्यापर्यंत ते दहा वर्षं उशिरा आणि अर्धवट शिजून पोचलं होतं. एवढ्यात कॅसेटमधून, गाण्याच्या मागून, मामीचा आवाज आला. अगदी बारीक. "अहो, शिट्टी झाली, स्टो बारीक करा."

जोगळेकर हसले. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांनी दाराला हात टेकला आणि हातातली चप्पल खाली पडली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांची बायकोही हे गाणं स्वयंपाकघरातच म्हणायची, ते म्हणाले, आणि मधेच असंच काहीतरी ओरडायची. निखिलच्या त्या उंच इमारतीत, इतक्या वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून शेजारी गाणं म्हणणारं, निदान भांडणारं तरी, कुणी नव्हतं.

"परत लावा," ते म्हणाले, आणि पायातली चप्पल काढून आत येऊन बसले.

त्यांनी हो कधी म्हटलं ते आठवत नाही. मेघनाने मला माफ केलं ते मात्र आठवतं, कारण तिने ताटात उरलेली शेवटची चिरोटी माझ्यापुढे सरकवली. आता दर रविवारी जोगळेकर आमच्याकडे येतात. भेंड्या होतात, दशकांची अट काढून टाकली आहे, रामण्णाही चार ओळी मराठीत म्हणतात आणि चांगलं म्हणतात.

साखरपुड्याला दोन्ही घरांनी मिळून टपालवाल्याचं गाणं म्हणायचं ठरलं. तालमीला कडवी जोगळेकरांनी घेतली, ध्रुवपद मेघना-निखिलने, तबला रामण्णांच्या मुलाने. मलाही गाऊ द्या, असं मी म्हटलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग जोगळेकर प्रेमाने म्हणाले, "मोहनराव, तुम्ही कुकर."