तड्यावर पट्टी लावणाऱ्या बाई

“आधी वर बघा, मग बसा.”

आमच्या बाई रोज सकाळी वर्गाच्या दारात उभ्या राहून हे सांगायच्या. दुसऱ्या वर्गांत प्रार्थना झाली की पोरं धपाधप बसायची. आम्ही मात्र माना वर करून छत न्याहाळायचो. गिलावा फुगलाय का, पंख्याच्या हुकाजवळून माती गळतेय का. बाईंनी मान डोलावली की मग बाकावर टेकायचं.

सुरतेतल्या लिंबायतमधली महापालिकेची मराठी शाळा ती. सकाळी आमची पाळी, दुपारी त्याच खोल्यांत गुजराती शाळा. तुम्हीही अशी इमारत पाहिली असेल. बाहेरून तिला अधूनमधून रंग मिळतो, आत कुणी येऊन बघत नाही.

बाई भित्र्या होत्या. हे मी कमीपणा म्हणून लिहीत नाही. त्या कुत्र्याला भ्यायच्या, जिन्याच्या हलत्या कठड्याला भ्यायच्या. रेल्वेचा भोंगा वाजला की त्यांच्या हातातला खडू पडायचा. पोरं पाठीमागे त्यांना ‘थरथर बाई’ म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं. “भ्यायला पैसे पडत नाहीत,” त्या म्हणायच्या, “म्हणून तर आपल्याला परवडतं.” मग स्वतःच हसायच्या.

त्यांचं माहेर लातूरकडचं. तिकडच्या भूकंपात त्यांच्या घराची भिंत पडली होती. त्यापुढचं त्या कधी बोलत नसत. पुढे कच्छचा भूकंप झाला तेव्हा सुरतही हलली. मी पहिलीत होते. झेंडावंदनासाठी सगळी शाळा मैदानात होती म्हणून कुणाला काही झालं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तुळईपासून खिडकीपर्यंत तडा गेला. चौथीत आम्हाला नेमकी तीच खोली मिळाली, आणि याच बाई.

बाईंनी एक पद्धत लावून घेतली होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पट्ट्या कापायच्या आणि घरून आणलेल्या कणकेच्या खळीने त्या तड्यावर आडव्या चिकटवायच्या. तडा रुंदावला की पट्टी फाटणार. पट्टी शाबूत असली तर वर्ग आत भरणार. दुपारच्या शाळेचे मुख्याध्यापक हे बघून हसायचे. “बेन, आ मकान तो आपणा पछी पण ऊभुं रहेशे,” म्हणायचे. आपण गेल्यावरही ही इमारत उभी राहील, असं.

“साहेब, मला तीच भीती वाटते,” बाई म्हणाल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी बाईंनी आमच्या आयांना बोलावून सांगितलं, की यंदा पट्टी फाटली तर मी वरच्या कचेरीत अर्ज देणार, ही खोली धोक्याची आहे म्हणून. आया एकमेकींकडे बघत उठल्या.

पाऊस लागला. खालच्या वर्गांत पाणी शिरलं, भिंतींना शेवाळ चढलं, आमच्या खोलीत रात्रीतून गिलाव्याचे खडे पडलेले असायचे. पट्टी मात्र फाटेना. बाई रोज तिच्याकडे बघायच्या आणि त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. एकदा तर त्यांनी आम्हाला चालीवर कविता म्हणून दाखवली. भिणारं माणूस निर्धास्त झालेलं बघणं किती सुखाचं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मग एका सकाळी त्या बोलता बोलता थांबल्या. पट्टीच्या कडेला काहीतरी चमकत होतं. बाकावर चढून त्यांनी जवळून पाहिलं. चमकी होती. साडीवर लावतात ती बारीक, रुपेरी चमकी. आमच्या गल्लीत घरोघरी बायका बसून साड्यांचे धागे कापायच्या, त्यांवर खडे आणि चमक्या चिकटवायच्या, त्यांच्या नखांत आणि केसांतसुद्धा ती असायची. बाईंनी पट्टी नखाने खरवडली. खाली कणकेची खळ नव्हती, साडीवर चमक्या चिकटवायचा कडक गम होता. पट्टी ओढून काढली तर आतला तडा एवढा रुंद झालेला, की बाईंचं बोट पेरापर्यंत आत गेलं.

बाई बाकावर उभ्या होत्या, त्यांचे पाय थरथरत होते आणि त्या दिवशी कुणालाही हसू आलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, “दप्तरं राहू द्या. एकेक करून खाली चला.”

पट्ट्या बदलत होती कविताची आई. कविता माझ्या बाकावरची. तिची आई खानदेशातली, ती शाळेत खिचडी शिजवायची, त्यामुळे खोल्यांची किल्ली तिच्याकडे असायची. जुनी पट्टी फाटली की ती नवी लावायची, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. माझ्या आईलाही.

दुपारी मैदानात बाईंनी विचारलं तेव्हा कविताच्या आईने काही लपवलं नाही. “अर्ज कर्‍या ते शाळा बंद व्हई जाई, बाई. मंग आमन्या पोरी काय करतीन? घरमा बसीसन धागा कापतीन.”

बाई म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण भिंतीखाली गेली. त्या भिंतीला तडा आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.”

दोघी खऱ्या होत्या. छप्पर मागाल तर शाळा जाईल, शाळा मागाल तर छप्पर मागू नका, असा सौदा गरिबांच्या लेकींपुढे मांडणारे लोक त्या मैदानात नव्हतेच. ते कधीच नसतात. तिथे भ्यालेल्या बायका एकमेकींसमोर उभ्या होत्या.

बाईंनी अर्ज दिला. कचेरीतले साहेब आले, छताखाली उभं न राहता दारातूनच पाहून गेले. दुरुस्तीचा शब्द कुणी काढला नाही. इमारतीला कुलूप लागलं आणि आमची शाळा रुळांपलीकडे, उधन्याच्या शाळेत मिसळून टाकली. पुढे ती इमारत पाडली. छत पडलंच असतं का, हे आता कुणालाच कळणार नाही. गल्लीत अजूनही म्हणतात, बाई उगाच भ्याली. हे ऐकायला मी जिवंत आहे.

उधन्याला जायचं तर गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यातून. पण पावसात ते भरायचं, मग रूळ ओलांडावे लागायचे. एवढ्यासाठी कितीतरी पोरी घरी बसल्या, कविताही. तेव्हा बाई रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहू लागल्या. रुळांजवळ आलं की त्यांचं तोंड पांढरं पडायचं. माझा हात त्या इतका घट्ट धरायच्या, की बोटं दुखायची.

कविताच्या दारात त्या न चुकता थांबून हाक मारायच्या. तिची आई साडीवरची मान वर करत नसे. बाई थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि “उद्या येते गं,” म्हणून निघायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी बाई आल्या नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडकडे त्यांची बदली झाल्याचं आम्हाला नंतर कळलं. वाट बघून आम्ही चौघी निघालो.

कविता दारात उभी होती. वेणी घातलेली, गणवेश चढवलेला, दप्तर खांद्याला. तिच्या आईने आमच्या मागे पाहिलं.

“बाई कोठे शे?”

नाही आल्या, मी म्हणाले.

ती रुळांच्या दिशेने बघत राहिली. “बाई नही ते पोरीना हात कोन धरी?” तिने स्वतःलाच विचारलं, आणि कविताच्या खांद्यावरचं दप्तर हळूच काढून घेतलं.