दंडाचं फडकं

माझ्या आत्याच्या दुकानात मशिनं पुसायला फडक्यांची एक मोठी चळत आहे. त्यातलं एकही फडकं तिने शिवलेलं नाही. सगळी गुन्हेगारांनी शिवलेली आहेत, आणि त्यातली एक मी.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, भिंतीला लागून पायमशिनं, फळीवर हातमशिनं. त्यातलं एकही माझ्या वडिलांपेक्षा वयाने लहान नाही. लोक माळ्यावर सापडलेलं, गंजून घट्ट झालेलं शिलाई मशीन दोघांत धरून आणतात. आत्या त्याच्या सांध्यासांध्यात रॉकेल सोडते, दोन दिवस ढुंकूनही बघत नाही, आणि तिसऱ्या दिवशी चाकावर हात ठेवून म्हणते, "चला, उठा आता. पुष्कळ झोप झाली." बहुतेक वेळा ते उठतं. माणसांशी ती इतक्या प्रेमाने कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आता गुन्ह्याविषयी. तिच्याकडे येणाऱ्या दहा मशिनांतली चार बिघडलेलीच नसतात, त्यांची नुसती सुई उलटी बसवलेली असते. सुईच्या वरच्या टोकाची एक बाजू चपटी असते. ती चुकीच्या अंगाला गेली की खालच्या शटलला वरचा धागा सापडत नाही, आणि टाका पडत नाही. लोक तेल घालतात, पट्टा बदलतात, घरातल्यांवर डाफरतात, पण सुईकडे बघत नाहीत. आत्या सुई फिरवते, "काखेत कळसा नि गावाला वळसा" असं म्हणते, आणि दंड सांगते. दंड म्हणजे, त्याच मशीनवर, तिच्यासमोर बसून, एक फडकं चारही बाजूंनी दुमडून शिवायचं आणि दुकानाला देऊन जायचं. मोठमोठ्या साहेबिणींनी मुकाट्याने ते शिवलेलं आहे. मी शाळेत गणित शिकवते, मुलं मला टरकून असतात, पण आत्यापुढे मीही शिवलं. माझं फडकं कुठल्याच बाजूने चौकोनी नाही. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून दाखवते.

पोस्टमनकाका त्यांच्या बायकोचं हातमशीन घेऊन आले, तिथून ही गोष्ट सुरू होते. काकू वर्षापूर्वी गेल्या. त्याआधी दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हापासून मशीन तसंच ओल आलेल्या खोलीत राहिलं होतं. दाबपट्टीखाली उशीचा अर्धा शिवलेला अभ्रा अजून होता, आणि सुई त्यातच गंजून बसलेली.

"एवढा अभ्रा पुरा करायचाय," काका म्हणाले. "मीच करणार. शिकवशील?"

"सत्तरीत?" आत्या म्हणाली.

"पत्रं वाटायलाही कोणी शिकवलं नव्हतं."

आत्या हसली. अभ्रा फाटू न देता तिने ती गंजलेली सुई कशी सोडवली, ते मी बघत होते. तिला सगळी दुपार लागली. पूर्वी अशा कामाला तिला घटका पुरे व्हायची. पण त्या दुपारी मी वह्या तपासत होते आणि मनात आलेला विचार मी लाल पेनाने खोडून टाकावा तसा खोडून टाकला.

खरं तर चिन्हं बरेच दिवस दिसत होती. सुईत धागा ओवताना ती खिडकीत जाऊन उभी राहायची. बटणांच्या डब्यात मला सुईत धागा ओवायची तारेची कडी सापडली, तेव्हा "गिऱ्हाइकाची राहिलीय" असं तिने सांगितलं. डोळे दाखवून ये म्हटलं की ती म्हणायची, "डोळ्यांना काय झालंय? तुझं तोंड रोज दिसतंय की." आत्याच्या नाकावर माशी बसायची सोय नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मीही विषय सोडून दिला. त्याचा मला आजही राग येतो, माझाच.

काकांचं मशीन मोकळं झालं, चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. आत्याने नवी सुई घातली, धागा ओवला, आणि टाका पडेना. तिने शटल काढून घासलं. टाका पडेना. शटलची स्प्रिंग बदलली, कापड सरकवणारे दाते खालीवर केले, शेवटी अख्खं मशीन पुन्हा सुटं केलं आणि पुन्हा जोडलं. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती टेबलाशी नव्हती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवसाउजेडी आडवी झालेली आत्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"काकांना निरोप दे," ती तशीच म्हणाली. "म्हणावं, दुसरीकडे दाखवा. आणि दारावरची पाटीही काढून टाक."

"एका मशीनसाठी?"

"एका मशीनसाठी नाही गं. माझा हात गेला. चाळीस वर्षं मशीन मला सांगायचं, कुठे दुखतंय ते. हे काहीच सांगत नाही."

दुकान गेलं तर ही बाई सकाळी उठून करणार काय? मी बाहेर येऊन मशीनसमोर बसले. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. आयुष्यात मला एकच दुरुस्ती येते, कारण त्या एकाच गोष्टीसाठी मला दंड झाला होता. म्हणून मी तेवढंच बघितलं.

सुई उलटी होती.

इतर बहुतेक मशिनांत चपटी बाजू जिकडे असते तिकडेच ती बसवली गेली होती. माझ्या दंडाच्या मशीनसारखीच या जुन्या मशीनलाही ती दुसऱ्या अंगाला लागते. हे आत्याला तोंडपाठ आहे, पण बसवताना चपटी बाजू दिसायला तर हवी! आणि दुसऱ्या कुणाची असती तर तिने सगळ्यात आधी सुईच बघितली असती. ही तिने स्वतः बसवलेली, तिच्यावर संशय घेणार कसा?

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. हाक मारून सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिची भिंतीकडे वळलेली पाठ आठवली. मी गुपचूप सुई फिरवली, पेचकसाने स्क्रू आवळला, धागा ओवला आणि तिला म्हटलं, "आत्या, शेवटचं एकदा चाक फिरवून बघ ना. माझ्यासाठी."

ती कुरकुरत आली. चाक फिरवलं. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे निघाले. ती बघतच राहिली. बोटाने टाके चाचपले, उलट बाजूने चाचपले.

"काल स्प्रिंग बदलली ना, तिचाच गुण," ती म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. मूग गिळून बसायची ही माझी पहिलीच वेळ, आणि ती मला बरीच जड गेली.

शनिवारी पोस्टमनकाका आले. त्यांनी आत्याशेजारी बसून तासाभरात अभ्रा पुरा केला. काकूंची शिवण सरळ होती, काकांची नागमोडी. जिथे एक संपून दुसरी सुरू झाली तिथे त्यांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आत्या उगीचच तेलाची कुपी शोधत आत गेली. कुपी टेबलावरच होती.

रविवारी सकाळी मी दुकान झाडायला आले. फडक्यांच्या चळतीवर सगळ्यात वर एक कोरं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. उघडलं. चारही बाजू शिवलेल्या होत्या. टाके बारीक, एकसारखे, ते फक्त एकाच हाताचे असू शकत होते. पण शिवण दोन ठिकाणी कापडाच्या बाहेर जाऊन परत आत आली होती.

मी वळले. आत्या दारात उभी होती.

"सुईचा स्क्रू मी बोटांनी आवळते," ती म्हणाली. "पेचकस लावायची अक्कल तुझीच."

मी फडक्याची घडी पुन्हा घालायला लागले.

"दंड म्हणजे दंड. तो सगळ्यांना सारखा." तिने माझ्या हातातून फडकं घेतलं, माझ्या वेड्यावाकड्या फडक्याशेजारी धरून बघितलं आणि दोन्ही एकत्र घडी करून ठेवली. "उद्या शाळेतून लवकर ये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. आणि डोळे नीट होईपर्यंत सुया तू बसवायच्यास. बोटांनी आवळायचं."