सार्जंटची आंघोळ

पलीकडच्या परसात पुन्हा पत्र्याचा टब बाहेर आला, तेव्हा मी हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकली आणि भिंतीपाशी गेले. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी विटांची भिंत आहे. पलीकडे क्लिफर्ड ओल्डरॉइड, वय अठ्ठ्याहत्तर, बाह्या सरसावून टबात कोमट पाणी ओतत होते, आणि सार्जंट त्यांच्या स्वेटरच्या गळ्यातून आत शिरायची धडपड करत होता.

“अहो क्लिफ! परवाच घातलीत ना त्याला आंघोळ?”

“वास येतोय त्याला.”

“आंघोळीनेच येतोय! किती वेळा सांगायचं माणसाने?”

“तू तुझ्या चादरी वाळत घाल, पोरी.”

मी साठीची बाई. पण यांच्या लेखी अजून पोरगीच.

सार्जंट म्हणजे त्यांचा फेरेट. मुंगसासारखा लांबुडका, पांढरा, लालबुंद डोळ्यांचा. आमच्या यॉर्कशरच्या या खाणगावात ससे हुसकून काढायला बिळात सोडण्यासाठी फेरेट पाळायची जुनी रीत. खाण गेली, ससेही कमी झाले, फेरेट मात्र राहिले. क्लिफनी त्याला बगलेत धरून पाण्यात बुडवलं. त्याने चारही पाय फाकवून टबाची कड पकडली. शाम्पूचा फेस झाला, तो निसटू नये म्हणून क्लिफ ओणवे झाले, आणि तो निसटलाच. भिंतीच्या मोरीतून तो आमच्या परसात आला, कोळशाच्या कोठीमागे मनसोक्त लोळला आणि तिथून थेट माझ्या बादलीत, धुतलेल्या चादरीवर!

“घ्या! झालं समाधान?” मी ओरडले. “आता त्याला धुवा, चादर धुवा, आणि जमलं तर मलाही धुवा!”

“चावला नाही ना?” क्लिफनी विचारलं. चादरीबद्दल एक अक्षर नाही.

मी चिडायचं कारण नुसती चादर नव्हती. हा माणूस पंधराव्या वर्षी खाणीत उतरला, खाण बंद पडल्यावर निवृत्त होईपर्यंत बस डेपोत गाड्या धूत राहिला, आणि या सगळ्या काळात त्याच्या घरात फेरेट नाही असा दिवस गेला नाही. लग्नातसुद्धा त्यांच्या कोटाच्या खिशात एक होता, असं त्यांची बायको, आमची एडी, शेवटपर्यंत सांगायची. फेरेटच्या अंगाला मुळात तेलकट वास असतो. आंघोळ घातली की तेल धुऊन जातं, मग कातडी दुप्पट तेल सोडते आणि चार दिवसांत जनावर आधीपेक्षा जास्त घाणतं. बदलायचं असतं ते त्याच्या झोपायच्या पेटीतलं गवत. हे मला कुणी शिकवलं? याच माणसाने! माझ्या नवऱ्याने, ट्रेव्हरने, नव्या लग्नाच्या उत्साहात एक फेरेट आणला आणि माझ्या साबणाने न्हाऊ घातला, तेव्हा क्लिफ या भिंतीवरून गरजले होते, “अरे गाढवा, फेरेटला पाणी प्यायला असतं, न्हायला नाही!” शेजारी त्यांची लोरेन उभी, सहा-सात वर्षांची, बापासारखंच बोट उगारून. ट्रेव्हर गेला, पण ते वाक्य गल्लीत अजून म्हणतात.

आणि आता तेच टब घेऊन बसलेले.

सुरुवात लोरेनच्या फोनपासून झाली. हिवाळ्यात क्लिफ गॅसवर दूध ठेवून क्लबात निघून गेले. धूर बघून मीच आत जाऊन गॅस बंद केला, पातेलं कोळसा झालं होतं. लोरेनला कळल्यावर तिने ठरवूनच टाकलं. समुद्राकाठी स्कारबरोला तिचं घर आहे, गालिचे अंथरलेलं, आणि नवरा असा की ताज्या लोण्याचाही वास घेऊन बघतो. ती म्हणाली, “बाबा, आता एकटं राहणं बास झालं. तुझी खोली तयार आहे. पिवळा रंग दिलाय, आईला आवडायचा तसा. सार्जंटलाही आण, फक्त त्याचा वास घरात चालायचा नाही. ईस्टरला येते, बघते, आणि दोघांना घेऊनच जाते.” क्लिफ म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवशी टब बाहेर आला.

खरं सांगते, ते जाऊच नयेत असं मला वाटत होतं. पण जायचंच आहे तर फेरेट तरी बरोबर जावा, नाहीतर तिथे हा माणूस करणार काय? म्हणून मी घसा कोरडा केला. गवत बदला म्हटलं, तर म्हणे, “आहे ते बरं आहे.” मी बदलायला गेले तर पेटीला कुलूप! पालथ्या घड्यावर पाणी. सार्जंटचं पांढरं अंग पिवळट पडलं, वास इतका की पोस्टमन त्यांची पाकिटं माझ्याकडेच द्यायला लागला.

मग मला भीती वाटायला लागली. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हे तर ऐंशीला टेकलेले. दूध विसरणं एक वेळ ठीक, पण क्लिफर्ड ओल्डरॉइड फेरेट विसरले? तिकडून लोरेन मला फोन करायची. “मॉरीन, विसरतो का गं तो? खरं सांग.” मी म्हणायचे, “नाही गं.” आणि फोन ठेवला की खिडकीतून तो टब दिसायचा.

ईस्टरच्या रविवारी ती आली. मी केक घेऊन गेले होते, निमित्ताला. क्लिफनी दाढी केली होती, टाय लावला होता, आणि मांडीवर सार्जंट, सकाळीच न्हालेला. खोलीत पाऊल ठेवताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वासाने.

लोरेनने कोट काढला नाही. तिने सार्जंटला उचललं, मानेपाशी नाक नेलं, केसांतून बोट फिरवून ते चोळून बघितलं. मग हळूच त्याला खाली ठेवलं.

“बाबा, तू याला आंघोळ घालतोस.”

“वास येत होता,” क्लिफ म्हणाले.

“फेरेटला पाणी प्यायला असतं, न्हायला नाही,” ती म्हणाली. “हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून ऐकतेय मी. आता नीट ऐक आणि खरं सांग. विसरलास, का मुद्दाम केलंस? विसरला असशील तर मी तुला आत्ताच्या आत्ता घेऊन जाते, बॅगही भरू नकोस. माझी झोप उडालीय रे.”

क्लिफ टायशी चाळा करत बसले. मी केकची थाळी धरून तशीच उभी. मनात म्हणत होते, बोला, अहो बोला एकदाचं!

“दूध विसरलो होतो,” ते शेवटी म्हणाले. “ते खरंय. हे मुद्दाम केलं.”

“का?”

“मला यायचं नाही, लोरेन.”

“मग तोंडाने सांगता येत नव्हतं? त्या मुक्या जिवाला कशाला छळलंस?”

“तू खोली पिवळी रंगवली होतीस, पोरी,” क्लिफ म्हणाले. “कसं सांगणार होतो?”

ती मटकन खुर्चीत बसली. आधी रडली, मग रडता रडता हसली, आणि मग बापाच्या दंडावर एक जोरदार चापट मारली. माझं मात्र डोकं फिरलं. माझ्या चादरी गेल्या, त्यांची पाकिटं मी सांभाळली, माझ्या जिवाला घोर लागला, आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं!

“क्लिफ,” मी म्हटलं, “मला तरी सांगायचंत!”

“तू तिला सांगितलं असतंस.”

सांगितलंच असतं मी.

लोरेनने डोळे पुसले आणि उठून कोट खुंटीला अडकवला. “गॅस काढून विजेची शेगडी बसवायची. आणि रोज संध्याकाळी मला फोन.”

“विजेवर सशाचा रस्सा होत नाही.”

“बाबा!”

“बरं, बरं.”

तिने हात पुढे केला. क्लिफनी खिशातून पेटीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मागच्या दाराशी जाऊन तिने बाह्या वर केल्या आणि वळून मला विचारलं, “मॉरीन, तुझ्याकडे कोरडं गवत आहे का?”