गुलब्याचं पोळ्याचं जेवण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा झाला नव्हता, तेवढ्यात गोठ्यातून आबांची हाक आली... "गुलब्या उठंना झालाय गं!" मी तशीच अनवाणी पळाले.

गुलब्या म्हणजे आमचा लाल कंधारी बैल. ताडकळसजवळच्या आमच्या गावात आता दारोदारी ट्रॅक्टर आहेत, पण माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची पेरणी अजून गुलब्या आणि त्याच्या जोडीदारावरच. त्याची आईही आमच्याच दावणीची. दूध बेताचंच देते, पण माझ्या बाळंतपणांत माहेरी दोन्ही लेकरं त्यावरच वाढली. आणि गुलब्या जन्मला तेव्हा त्याला पुसून कोरडं करणारी मीच होते.

तो मान टाकून बसला होता. दात खात होता, रवंथ बंद, डावी कूस टम्म. आबांनी कसंबसं उभं केलं तर दोन पावलं झोकांड्या खात गेला आणि मटकन खाली बसला.

हे कशानं झालं, ते मला माहीत होतं...

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी आपण बैलांना म्हणतो ना, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या'? मग आवतण दिलेल्या पाहुण्याला एका पोळीवर बोळवायचं का, हा माझा शहाणपणा! पोळ्याच्या संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाल्यावर माय म्हणाली, उरलेलं पुरण आणि पोळ्या फ्रीजमध्ये ठेव. मी ते सगळं गुपचूप गोठ्यात नेलं. गुलब्यानं पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं. परभणीला नोकरी करून सणासुदीलाच माहेरी येणारीची माया अशी उतू जाते बघा.

जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी डाव्या कुशीत मूठ दाबली, तर मळलेल्या कणकेत पडतो तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. काय खाऊ घातलंय, असं त्यांनी विचारलं.

"निवदाची एक पोळी. बाकी कडबाच," आबा म्हणाले. आणि मग त्यांचा पारा चढला तो कुडापलीकडं उभ्या असलेल्या शेजारच्या कमलकाकूंवर. "वहिनी, तुमालाच खोड हाय. दिसलं जनावर की घाल तोंडात!"

काकू रडकुंडीला आल्या. "देवाशपथ भाऊजी, एकच दिल्ती म्या. दारात आलेल्या बैलाला न्हाई म्हणू का?"

आणि मी? ऑफिसात कुणाचं चुकलं की तोंडावर सुनावणारी मी... दातखीळ बसल्यासारखी उभी. लिहितानाही लाज वाटतेय. आबांच्या रागाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. गुलब्या गेला तर तो माझ्या हातानं गेला, हे मग कायमचं खरं होणार होतं.

डॉक्टरांनी पिशवीतून बाटली काढली. गॅसचं औषध पाजतो, संध्याकाळपर्यंत वाट बघा, म्हणाले. तेवढ्यात गुलब्या कण्हला आणि त्यानं मान लांब करून जमिनीवर टाकली.

"डॉक्टर, थांबा... मी घातलंय. अर्धं पातेलं पुरण आन सात-आठ पोळ्या."

आबांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग कुडापलीकडून बारीक आवाज आला... "भाऊजी, चार दिल्त्या म्या." तोवर गोळा झालेल्या गर्दीतून समोरच्या घरचे मास्तर म्हणाले, आमच्याकडं खिरीचं पातेलं चाटून गेला. मायनं पदराचं टोक चाळवत सांगितलं, "काल सकाळी भिजलेले गहू ठिवले व्हते म्या त्याच्याम्होरं." आणि सगळ्यात शेवटी आबांनी घसा खाकरला... "मिरवणुकीहून आल्यावर दोन-तीन म्या बी दिल्त्या."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. बाटली परत पिशवीत ठेवली. "हा नुसता गॅस नाही, पोटात सगळं आंबलंय. बरं झालं बोललात. ते औषध पाजून मी निघून गेलो असतो, तर यानं दुपार काढली नसती."

मग धावपळ... तोंडातून नळी घालून पोट धुतलं, खायच्या सोड्याचं पाणी पाजलं, मानेत सलाईन लावलं. दुपारपर्यंत फरक पडला नाही तर ऑपरेशनला परभणीला न्यावं लागेल, आणि टेम्पोत तो तग धरेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

सलाईनची बाटली हात उंच करून कमलकाकूंनी धरली, ज्यांना सकाळी आम्ही चोर ठरवलं होतं. हात भरून आला तरी दुसऱ्याला देईनात. आबा कूस चोळत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानात काहीबाही बोलत होते... ऊठ रे राजा, एवढ्या बारीला ऊठ. गल्लीत त्या दिवशी कुणाची चूल पेटली नाही.

दोनच्या सुमाराला गुलब्यानं पातळ शेणाचा असा सडा टाकला की आबांचं नवं धोतर भरलं. तरी सगळ्यांचे चेहरे खुलले! थोड्या वेळानं तो आपला आपण उभा राहिला. मग गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला आणि जबडा हळूहळू हलायला लागला... रवंथ. आबा तिथंच शेणात बसून रडले. मी तर भोकाडच पसरलं.

डोळे पुसून आबा म्हणाले, "तू बोललीस म्हणून वाचला. मी न्हवतो बोलणार." मग उठले, कमलकाकूंसमोर गेले आणि हात जोडले. "वहिनी, चुकलं माझं."

माझ्या आबांना कुणापुढं हात जोडताना मी पहिल्यांदा बघितलं. मुक्या जनावराला काय दुखतंय ते सांगता येत नाही... पण त्या सकाळी तोंड असलेले आम्ही सगळेच मुके झालो होतो. डॉक्टरसाहेब आणि कमलकाकू, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.