फक्कीचे बाण

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त घातली, तर आत काय सडलंय ते मी तिथंच जुडी उलगडून बघते. आई म्हणायची, हिच्या हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेईल. वडील बुलढाण्यात कारकून होते आणि घरात शिकवण एकच, कोणी फार गोड बोललं की त्याचं काम काय आहे ते आधी विचारायचं. नोकरीत ही शिकवण मला फार उपयोगी पडली. एकदाच तिने दगा दिला, आणि ती हकिकत डोंगरावरच्या शनिवारांची आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. बुलढाण्याहून येणारी जीप फाट्यावर सोडते, तिथून चढ चढून गाव. गावामागे डोंगर, डोंगरापलीकडे अभयारण्य. शाळेचं मैदान एका बाजूला इतकं उतरतं की चेंडू जोरात मारला की तो थेट नाल्यात जातो. नियम असा होता की ज्याने मारला त्यानेच आणायचा. त्यामुळे आमच्या शाळेत कोणीच जोरात मारत नसे. सहल म्हणजे दरवर्षी शेगाव, दर्शन, झुणका-भाकर आणि परत.

मग वरून सूचना आली की शनिवारी दप्तर आणायचं नाही, मुलांना वर्गाबाहेर न्यायचं. आमचे हेडसर धाड गावाकडचे. बाजारगावचा माणूस, दिलेल्या कामातही घासाघीस करायचा. ते म्हणाले, "मॅडम, पहिली-दुसरीच्या लेकरांना मी अंगणात गाणी म्हणायला लावतो. मोठ्या पोरांचं तुम्ही पाहा. फोटो मात्र दर शनिवारी गेला पाहिजे. त्या ठरलेल्या अ‍ॅपमधूनच काढा." मी हो म्हणाले, आणि त्यांनी इतक्या सहज काम सोडलं याचाच मला आधी संशय आला.

मोठ्या वर्गांना घेऊन मी डोंगर धरला. दिवाळी नुकतीच झाली होती, गवत वाळायला लागलं होतं, सीताफळीला शेवटची फळं होती. नुसतं चालून मुलं कंटाळतील म्हणून मी एक खेळ काढला. मैदानावर रेषा मारायची जी पांढरी फक्की असते ना, ती पाण्यात कालवायची आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर डोंगरातल्या दगडांवर बाण काढून ठेवायचे. कुठे बाण, कुठे फुली, कुठे गोल. शनिवारी दोन गट करायचे, आणि खुणांवरून माग काढत जो गट वरच्या सपाटीवर आधी पोचेल तो जिंकला. इतका आरडाओरडा त्या डोंगराने कधी ऐकला नसेल. नाल्यापर्यंत चेंडू मारायला भिणारी पोरं दगडांवरून उड्या मारत सुटायची.

त्यात सहावीतली एक मुलगी होती. वर्गात ती तोंड उघडत नसे. नाव घेतलं की उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि मी "बस" म्हणेपर्यंत गप्प. तिचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष, फाट्यावर त्यांचं किराणा दुकान. मोठी बहीण सातवीनंतर घरीच बसली होती. ही पण तशीच बसणार, असं सगळे धरून चालले होते. पण डोंगरावर ही पोरगी सगळ्यांच्या पुढे. एकेका दगडाशी थांबायची, चारी बाजूंनी बघायची आणि पुन्हा पळायची. तिला पळताना बघून माझा ऊर भरून यायचा. डोंगराने हिला मोकळं केलं, आता ही वर्गातही बोलेल, आणि बोलायला लागली की आठवीला पाठवा म्हणून घरीही सांगेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्या शनिवारांत माझा जीव अडकला तो तिच्यासाठी.

आणि मग खुणा पुसल्या जायला लागल्या.

पहिल्यांदा वाटलं दव पडलं असेल. पण दव काही निवडून बाणच पुसत नाही. पुढच्या खेपेला तर दगड घासून लख्ख केलेले. मनात पाल चुकचुकली. पहिला संशय हेडसरांवर, कारण फक्की संपते म्हणून ते कुरकुरत होते. दुसरा, पारावर पत्ते कुटणाऱ्या पोरांवर. तिसरा, शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यावर, कारण त्याने मला वाटेत अडवून विचारलं होतं, "काय बाई, किती मोजून झालं?" मी म्हटलं, काय मोजून? तो हसला आणि शेळ्यांकडे वळला.

गावही बदललं होतं. आधी मी चढ चढून आले की कोणीतरी ओट्यावरून हाक मारायचं, "मॅडम, च्या घेऊन जा." आता बायका मी दिसले की बोलणं थांबवायच्या. दुकानात गेले तर अध्यक्ष पुडा हातात द्यायचे आणि वर बघायचे नाहीत. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हे गाव मला पाण्यात पाहतंय. तो म्हणाला, "तुला सगळंच गाव पाण्यात पाहतं." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

खेळ मात्र चालू होता. खुणा अर्ध्या पुसलेल्या असल्या तरी त्या मुलीचा गट वाट चुकत नसे. बाकीची पोरं गोंधळून उभी राहायची आणि ही सरळ पुढच्या दगडाकडे जायची. मला त्याचं केवढं कौतुक! हेडसरांना मी सांगितलं, पोरीची निरीक्षणशक्ती बघा. जगावर संशय घेणाऱ्या बाईला इथे काही शंका आली नाही. ज्याच्यावर जीव लागतो त्याच्याकडे आपण नीट बघतच नाही, दुसरं काय.

शेवटी एका शुक्रवारी मी खुणा केल्या, उतरल्याचं नाटक केलं आणि वळणापासून परत येऊन सीताफळीच्या जाळीमागे बसले. उन्हं कलली होती. अंगाला कुसळं टोचत होती आणि आज एकाला तरी पकडून पारावर उभं करीन अशा तयारीत मी होते. थोड्या वेळाने खालून कोणीतरी येताना दिसलं. पाण्याची बाटली, हातात फडकं. तीच होती. एकेका दगडाशी बसून, पाणी ओतून, ती बाण पुसत होती. पुसून झाल्यावर दुरून बघायची, दिसत नाही ना म्हणून.

मी उठून उभी राहिले. मला राग आला की माझी शाळेतली शुद्ध भाषा पळून जाते. मी ओरडले, "काऊन पुसून राह्यली तू हे?"

ती दचकली, पण पळाली नाही. दोन पावलं मागे सरकली. ओढणी बोटाला गुंडाळली नाही. म्हणाली, "माह्या आईच्या गावात बी पयले असेच दगडं पांढरे केले होते. मंग गाव उठलं."

डोंगरापलीकडे, अभयारण्याच्या आत एक गाव होतं हे मला माहीत होतं. त्याचं पुनर्वसन झालं, लोक खाली वेगवेगळ्या ठिकाणी गेले, हेही ऐकलेलं. ते तिचं आजोळ होतं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तिथंही आधी माणसं आली, डोंगर हिंडली, दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या. कोणी विचारलं तर म्हणायची, काही नाही, सहज फिरून राह्यलो. आता मी आले होते. शिट्टी, फक्की, फोटो, आणि वर म्हणत होते की हा खेळ आहे.

"अगं पण तुला तर आवडतो ना हा खेळ? तू सगळ्यांच्या पुढे पळते."

"तुमी कोठी कोठी खुना केल्या ते पाहाले पळतो मी," ती म्हणाली. "एखांदी राहून जाईन म्हून."

मी खाली दगडावर बसले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही आला. मी जिला फुललेली समजत होते ती माझ्यावर पहारा करत होती.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. मी काही बोलावली नव्हती. शुक्रवारची गोष्ट रविवारपर्यंत गावभर झाली होती. अध्यक्ष आले, आणखी काही पालक आले, हेडसर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. मुलगी खांबाला टेकून उभी होती. अध्यक्ष आवाज न चढवता बोलले.

"म्याडम, पोट्ट्यायले तुमी डोंगरात नेता, आमाले काई दुखनं नाई. पन ते फक्की कायले? अन् फोटो कोठी जातात?"

मी फक्कीचा खेळ समजावून सांगितला. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. फोटोंवर मात्र मी ताठ होते. कर नाही त्याला डर कशाला! म्हटलं, लेकरांचे हसरे फोटो आहेत, बघा ना. फोन काढून अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि बोट फोटोच्या खालच्या पट्टीवर ठेवलं. तिथं गावाचं नाव, बारीकसा नकाशा आणि आकडे होते. इतके दिवस मी ती पट्टी पाहिली होती, वाचली नव्हती.

"हे काय लिहेल हाय?" त्यांनी मुलीला बोलावलं. "वाच बरं."

तिने फोन घेतला. वर्गात एक ओळ न वाचणारी पोरगी, तिने मोठ्यांच्या समोर खणखणीत वाचलं. "अक्षांश," ती म्हणाली, आणि आकडे. "रेखांश," आणि आकडे. मग वडिलांकडे बघून, "बाबा, याच्यानं जागा पक्की कोठी हाय ते समजते. म्याडमनंच शिकवलं, पृथ्वीच्या गोळ्यावर."

 मी वर्षभर तिच्या तोंडून ज्या आवाजाची वाट पाहत होते तो आवाज हाच. तो माझ्याविरुद्ध साक्ष देत होता, आणि तिचं एक अक्षर चुकलं नव्हतं. मला शाबासकी द्यावीशी वाटली आणि जमिनीने पोटात घ्यावं असंही वाटलं.

मी म्हटलं, "हे मोजणीसाठी नाही हो. मी मुलांना खरंच बाहेर नेलं की घरी बसून खोटा फोटो पाठवला, हे आमच्या ऑफिसला कळावं म्हणून आहे."

अध्यक्षांनी मुलीकडून फोन घेऊन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तुमच्या हापिसाचा बी तुमच्यावर इस्वास नाई."

 हेडसर खाली बघून खाकरले.

डोंगर बंद करा, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. मी विनवण्या केल्या, अगदी हात जोडले. मुलांना ते उतरतं मैदान तेवढं उरेल, असं म्हणाले. तेव्हा एका आईने तोंड उघडलं, "लेकरं शनिवारी पहाटीच उठून बसतात, डोंगर बंद नोका करू." बरीच घासाघीस झाली आणि त्यात आमचे हेडसर पहिल्यांदाच माझ्या बाजूने लढले. शेवटी ठरलं ते असं. फक्की बंद. फोटो शाळेच्या भिंतीपुढे काढायचा आणि फोन कपाटात ठेवून निघायचं. आणि डोंगरात मॅडमने पुढे चालायचं नाही. मुलं वाट दाखवतील, अध्यक्ष सोबत येतील, मॅडमने मागून यायचं.

ती मुलगी पुन्हा येईल की नाही याचीच मला धाकधूक होती. शनिवारी ती आली. सगळ्यांच्या पुढे निघाली, हातवारे करत, मागच्यांना ओरडून सांगत, "इकडून या बे, तिकडं काटे हायेत." पाठीमागून मी धापा टाकत चालले होते. माझ्या खुणांच्या वाटेने ती गेलीच नाही. धावड्याच्या झाडीतून, एका घळीच्या कडेने, मी कधी न पाहिलेल्या बाजूला तिने आम्हाला नेलं. आता हिच्या मनात काय आहे, असा संशय मला तेव्हाही आलाच. एका मोठ्या काळ्या दगडाशी ती थांबली. बाकीची मुलं तिच्या वडिलांबरोबर दगडाला वळसा घालून पलीकडे उतरली. ती माझ्याकडे वळली.

"म्याडम, तुमी इथंच बसा."

"का गं? पलीकडे काय आहे?"

"आमचं खेळाचं हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला बसायला तिने दगडावरची धूळ हाताने झटकली, आणि ती गेली.

पलीकडून हसण्याचे, पाण्यात काहीतरी पडल्याचे, कोणीतरी जोरात हाका मारल्याचे आवाज येत राहिले. त्यात तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. मला उठून डोकावून पाहता आलं असतं, अडवायला कोणी नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी मी त्या दगडावर बसते. पलीकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही.