स्टेनवोरचा हात

आमच्या किनाऱ्यावर एक नियम होता. होडी बाहेर असेपर्यंत कुणी खांद्याच्या वर हात न्यायचा नाही. डोक्यात उवा वळवळल्या तरी नाही. हात वर करायचा तो एकट्या स्टेनवोरने.

बापजादे नॉर्वेतून आइसलँडात आले आणि नेमके या दक्षिण अंगाला पडले. इथे ना खाडी, ना आडोसा. नुसती काळी वाळू आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटा. लाटा म्हणजे एगीरच्या नऊ मुली. एगीर दर्याचा धनी, देवांना घरी बोलावून बीअर पाजणारा जुना राक्षस. त्याची बायको राण तळाशी जाळं घेऊन बसते. मासे धरायला आम्ही, माणसं धरायला ती. नऊ जणी येऊन गेल्या की दर्या जरा दम खातो, आणि तेवढ्यात होडी आत घ्यायची. बाहेरून मात्र लाटांच्या पाठीच दिसतात. म्हणून स्टेनवोर वाळूत उभी राहायची. कुठली कोल्गा, कुठली बिल्ग्या, तिला चालीवरून कळायचं. तिचा हात वर गेला की वल्ही मारायची.

त्या दिवशी दोन होड्या बाहेर होत्या. आमची, आणि तिच्या नवऱ्याची, उल्फारची. उल्फार आधी आला होता, पण आमच्या होडीत घोटाभर पाणी शिरलेलं. तिने बोट दाखवून आम्हाला आधी घेतलं. आम्ही किनाऱ्याला लागलो. बायका-पुरुष दोरांना भिडले, माना खाली घालून होडी ओढू लागले. आणि मी, बार्द, अकलेचा कांदा, जिवंत राहिलो या आनंदात दोन्ही हात वर करून ओरडलो, "एगीरबाबा, वाचवलंस रे!"

स्टेनवोरने झडप घालून माझे हात खाली ओढले. तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

"मेल्या!" एवढंच ती म्हणाली.

पण वर गेलेले हात बघून उल्फारने होडी किनाऱ्याकडे वळवली होती. एकदा वळली की ती फिरवता येत नाही. आमच्या डोळ्यांदेखत मागून तीन बहिणी एकीवर एक आल्या. पाच जणांना आम्ही दोर टाकून ओढलं. उल्फार राणच्या जाळ्यात गेला.

त्याचा धाकटा भाऊ ग्लूम होडीच्या टोकावर उभा होता, तो वाचला. वाळूत पाणी ओकून उठला आणि त्याने कुऱ्हाड मागितली.

"हात वर गेला होता. मी पाहिलाय, या डोळ्यांनी. फेसात माणूस दिसला नाही. कुणाचा होता?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ओढताना कुणीच काही पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्यासारखं इकडेतिकडे बघितलं. खरं सांगतो, मी भ्यालो.

"राणकडे काही सूड मागता येत नाही," ग्लूम म्हणाला. "माणसाकडे येतो. बोला!"

"माझा," स्टेनवोर म्हणाली.

"वहिनी?"

"मोजायला चुकले. आठच झाल्या होत्या."

बाईवर कुऱ्हाड चालवली तर लोक तोंडात शेण घालतात. ग्लूमने ती वाळूत फेकली. सासू पुढे येऊन तिच्या तोंडावर थुंकली. "माझा पोरगा राणला वाढलास, अवदसे!" स्टेनवोरने बाहीने तोंड पुसलं.

पुढे तिला त्या जागेवरून काढलं. त्या दिवसापासून मी वल्ह्याला हात लावेना. तेव्हा लोक म्हणाले, हा नाहीतरी बिनकामाचा, याला उभा करा. तिच्या जागी मी!

मला लाटांमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी ती पाटी घेऊन समुद्रशेवाळ वेचायला आली, माझ्याकडे पाठ करून वाकली आणि हळूच म्हणाली, "थांब. कोल्गा यायचीय अजून." मग, "आता." मी हात वर केला. होडी अलगद आली. अशी तेवीस वर्षं.

एकदा न राहवून मी विचारलं, "मला का वाचवलंस?"

"तुला?" ती फणकारली. "तुझं थोबाड बघवत नाही मला. ग्लूमने तुला कापला असता, तुझ्या भावांनी ग्लूमला, मग त्याच्या पोरांनी त्यांना. वस्तीत वल्ही मारायला कोण उरलं असतं? एगीरच्या पोरी खातात तेवढं पुरे आहे."

"मी खरं सांगून टाकतो."

"सांग की. कुऱ्हाड अजून आहे त्याच्याकडे."

मी सांगितलं नाही. वस्तीत नाव झालं, बार्दचा हात कधी चुकत नाही.

गेल्या हिवाळ्यात ग्लूमची होडी मोठ्या वादळातून सुखरूप लागली. त्याने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. स्टेनवोर चार पावलांवर वाकलेली होती, म्हातारी, लाल पडलेल्या हातांची.

"वहिनी," तो मोठ्याने म्हणाला, "बघून ठेवा. हात असा वर करायचा असतो."

लोक हसले. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मीसुद्धा हसलो.