परीक्षेच्या दिवशीचा ताप

चौथीच्या बाई शिंपीणकाकूंच्या दारात आल्या खऱ्या, पण बसावं की उभ्यानंच बोलावं, हेही त्यांना सुचेना. उद्या सगळ्या शाळांची सामायिक परीक्षा होती. शाळेची सरासरी घसरू नये म्हणून कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवायचं, ही इथली जुनी रीत. बाईंचा स्वभाव पडखाऊ, म्हणून निरोप्याचं काम नोकरीभर त्यांच्याच गळ्यात पडलेलं.

काकूंनी शिलाई मशीन थांबवलं. "या बाई! पोरगी सकाळपासून पेन्सिलींना टोकं काढतेय."

"तिला उद्या जरा ताप..." बाई खुर्चीच्या कडेवर टेकून पिशवीचा बंद पिळत म्हणाल्या.

"ताप? चांगली धडधाकट आहे की!"

"आला तर बरं, असं मुख्याध्यापक म्हणतात."

काकूंचं हसू मावळलं. "तिला वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत, मला माहीत. वरच्यांना कधी कळायचं? जादा शिक्षक मागितला, तर म्हणे तुमच्या शाळेत कच्चं कुणी नाहीच!"

ते उत्तर पालकसभेत बाईंनीच वाचून दाखवलं होतं, वर वरच्यांच्या नावानं बोटंही मोडली होती. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मुख्याध्यापक उद्या चारचौघांत काय काय बोलतील, ते आत्ताच कानात वाजू लागलं.

"पाठवा तिला," त्या एकदम म्हणाल्या. "आणि वेळेवर पाठवा."

चहाला नको म्हणून त्या घाईनं निघाल्या. अजून तीन घरं गाठायची होती. तिथे त्या सकाळीच ताप वाटून आल्या होत्या.